कोर्लेओनेचं चिदमा आणि प्रोव्हेन्झानोचं जप्त घर : फरार डॉन लपायचे कसे, हे समजून घ्यायचं असेल तर

सिसिलीला गेलेला आपला पर्यटक बहुधा एतना, ताओर्मिना आणि पालेर्मो एवढं करून परततो. माफियाच्या इतिहासात ज्यांना खरोखर रस आहे त्यांनी यात कोर्लेओनेसाठी एक अख्खा दिवस काढावा, असं माझं ठाम मत आहे. पालेर्मोपासून साधारण ६० किलोमीटरवर, डोंगरात वसलेलं, सुमारे ११ हजार वस्तीचं हे गाव. बघायची ठिकाणं दोन. पहिलं 'चिदमा', म्हणजे माफिया आणि माफियाविरोधी चळवळीचं आंतरराष्ट्रीय दस्तऐवज केंद्र. दुसरं, कोर्तिले कोल्लेत्ती नावाच्या बोळातलं, माफियाचा डॉन बर्नार्दो प्रोव्हेन्झानोकडून सरकारने जप्त केलेलं घर. तिथे आता 'लाबोरातोरिओ देल्ला लेगालिता' हे चित्रदालन आहे. दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण यात अनेकांची फसगत होते. 'द गॉडफादर' या जगप्रसिद्ध हॉलिवूडपटातलं 'कोर्लेओने' या गावात चित्रित झालेलंच नाही. ते चित्रीकरण सावोका आणि फोर्झा दाग्रो या गावांत झालं, आणि ती ताओर्मिनाजवळ, बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. पडद्यावरचा बार आणि चर्च शोधत कोर्लेओनेला आलात तर काहीही सापडणार नाही. इथे जे आहे ते खरं आहे, आणि बरंचसं कागदावर आहे.

फरार डॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेश येतो. कोसा नोस्त्राचे, म्हणजे सिसिलीच्या माफिया संघटनेचे, सर्वांत मोठे म्होरके मात्र लपले ते घराजवळच. प्रोव्हेन्झानो १९६३ पासून फरार होता आणि ११ एप्रिल २००६ रोजी पकडला गेला. त्रेचाळीस वर्षं. पकडला कुठे, तर कोर्लेओनेला लागूनच असलेल्या मोन्तान्या देइ कावाल्ली या भागात, चीज बनवणाऱ्या एका धनगराच्या शेतघरात. तोतो रिइना १९६९ पासून फरार होता. १५ जानेवारी १९९३ ला तो सापडला तो पालेर्मो शहरात. बायकोमुलांसह व्हिया बेर्निनीवरच्या भिंतीआडच्या बंगल्यांच्या वसाहतीत तो राहत होता, आणि फरार असतानाच त्याची चारही मुलं पालेर्मोत जन्मली. मात्तेओ मेस्सिना देनारो १९९३ पासून गायब होता. १६ जानेवारी २०२३ ला पकडला तेव्हा त्याचा मुक्काम काम्पोबेल्लो दि माझारा गावातल्या साध्या फ्लॅटमध्ये होता. त्याचं जन्मगाव कास्तेलव्हेत्रानो तिथून जेमतेम आठ किलोमीटरवर.

याचं कारण व्यवहारी आहे. माफियाची सत्ता इलाक्यावर चालते. खंडणी, ठेके, जमिनीचे वाद, सगळ्यात शेवटचा शब्द त्याचा असतो, आणि इलाका सोडला की त्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय लपायला माणसं लागतात. जेवण आणणारा, निरोप पोचवणारा, कपडे नेणारा, नाव उसनं देणारा, डॉक्टर, गाडी चालवणारा. अशी माणसं परक्या मुलखात विकत घ्यावी लागतात. गावात ती नात्यागोत्यातून आणि धाकातून मिळतात. कोर्लेओनेचाच डॉन लुचानो लेज्जो याचं उदाहरण बघा. कामगार नेता प्लाचिदो रिझ्झोत्तोचा १९४८ मध्ये खून झाला, त्यात मुख्य आरोपी हा लेज्जो. १९६४ मध्ये तो पकडला गेला तो कोर्लेओनेमध्येच, आणि ज्या घरात सापडला ते घर रिझ्झोत्तोच्या एकेकाळच्या वाग्दत्त वधूचं होतं. शोधणाऱ्याच्या डोक्यातही येणार नाही असं ते घर.

आता चिदमाविषयी. १२ डिसेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्लो अझेल्यो चाम्पी यांच्या उपस्थितीत हे केंद्र सुरू झालं. जागा सान लुदोव्हिको या जुन्या अनाथाश्रमाच्या इमारतीत. मनाला येईल तेव्हा शिरून भटकता येईल असं हे संग्रहालय नाही. मार्गदर्शकाबरोबर फेरी असते, तिला तासभर लागतो, आणि ती आधी ठरवून घ्यावी लागते. ईमेल करताना तारीख, माणसं किती आणि इंग्रजी मार्गदर्शक हवा, या तीन गोष्टी स्पष्ट लिहा. तिसरी गोष्ट राहिली तर तुम्हाला इटालियन गटात घालतात आणि निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. उत्तर आलं नाही तर फोन करा. सिसिलीत ईमेलपेक्षा फोनवर काम लवकर होतं.

पहिलं दालन फायलींचं. रॅकवर ओळीने लावलेल्या, शेकडो माफियांवर एकत्र चाललेल्या महाखटल्याच्या कागदपत्रांच्या प्रती. १० फेब्रुवारी १९८६ ला पालेर्मोच्या उच्चारदोने तुरुंगाशेजारी खास बांधलेल्या बंकर न्यायालयात हा खटला सुरू झाला, १६ डिसेंबर १९८७ ला निकाल लागला, आणि ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. माफियातून फुटलेल्या तोम्मासो बुशेत्ताने १९८४ मध्ये न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर दिलेला जबाबही यात आहे. कोसा नोस्त्राची उतरंड, शपथ, इलाक्यांची वाटणी, हे सगळं आतल्या माणसाच्या तोंडून बाहेर पडलं ते त्या जबाबातून. या दालनात घाई करू नका. पुढे छायाचित्रकार लेतित्सिया बात्ताल्या यांचे कृष्णधवल फोटो आहेत, आणि त्यांची मुलगी शोभा हिचेही. रस्त्यावर पडलेले मृतदेह, रक्त, रडणाऱ्या बायका. फोटो मोठ्या आकाराचे आहेत आणि काहीही झाकलेलं नाही. बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर मी त्यांना आत नेणार नाही. एका मोठ्या माणसाने त्यांच्याबरोबर बाहेर थांबावं आणि पाळीपाळीने बघावं.

चिदमाची उणीव सांगायची तर इथे हिंसा आणि खटला यांना भरपूर जागा आहे, लपण्याच्या रोजच्या व्यवस्थेला कमी. प्रोव्हेन्झानोचे टाइपरायटर, खुणा केलेलं बायबल, मूळ चिठ्ठ्या असं काही बघायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. हे कागदपत्रांचं आणि छायाचित्रांचं केंद्र आहे. बऱ्याच मजकुराला इटालियनखेरीज भाषा नाही, त्यामुळे सगळी भिस्त मार्गदर्शकावर. मार्गदर्शक बहुतेक गावातलीच तरुण मुलंमुली असतात आणि त्यांना विषय पक्का माहीत असतो, पण गट फोटोंपुढे रेंगाळला की ती पुढचं आवरतात. म्हणून प्रश्न तुम्ही विचारा. चिठ्ठ्यांची पद्धत कशी होती? कपड्यांच्या पिशवीचा माग कसा काढला? रिइनाच्या बंगल्याच्या झडतीला इतका उशीर का झाला? हे तीन प्रश्न विचारलेत तर फेरीचा नूर बदलतो.

यातला चिठ्ठ्यांचा भाग थोडा माहीत असला तर तिथे जास्त हाती लागतं. या चिठ्ठ्यांना इटलीत 'पिझ्झिनी' म्हणतात. प्रोव्हेन्झानो फोन वापरत नसे. कागदाच्या छोट्या तुकड्यावर टाइप करायचं, बारीक घडी घालायची, पारदर्शक चिकटपट्टीने बंद करायची आणि वर ज्याला पोचवायची त्याचा क्रमांक लिहायचा. चिठ्ठी हातोहात जायची. प्रत्येकाला मागचा एक आणि पुढचा एक माणूस माहीत, बाकी साखळी माहीत नाही. एखादा पकडला गेला तरी धागा दोन माणसांवर तुटायचा. पोचायला मात्र कित्येक दिवस लागत, आणि तातडीचा निर्णय या पद्धतीने घेताच येत नसे. प्रोव्हेन्झानोचं धोरणही या संथपणाला साजेसं होतं. माफियाने घडवलेल्या १९९२-९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने संघटनेला आवाज न करता राहायला लावलं. मोठे खून बंद, धंदा चालू.

नावं लपवायच्या दोन पद्धती होत्या. एक, नावाऐवजी नुसता ठरवलेला क्रमांक. ती फोडायला बाकीच्या चिठ्ठ्यांचा संदर्भ लावावा लागला. दुसरी अगदी प्राथमिक. इटालियन वर्णमालेत अक्षरं २१. प्रत्येक अक्षराचा क्रमांक घ्यायचा आणि त्यात ३ मिळवायचे. ए म्हणजे १, म्हणून ४. बी म्हणजे २, म्हणून ५. एका चिठ्ठीत ५१२१५१५२२ १९१२१२१५४ असा मजकूर होता. तो ५-१२-१५-१५-२२ आणि १९-१२-१२-१५-४ असा तोडून प्रत्येकातून ३ वजा करा: २-९-१२-१२-१९ आणि १६-९-९-१२-१. त्या क्रमांकांची अक्षरं लावली की 'बिन्नू रिइना' हे नाव बाहेर पडतं. इंग्रजी वर्णमाला घेऊन बसलात तर हिशेब जुळणार नाही, कारण इटालियनमध्ये जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही अक्षरं धरत नाहीत. दोन हजार वर्षं जुनी सीझरची युक्ती ती. तरीही ती चालली, कारण खरं संरक्षण सांकेतिक लिपीत नव्हतं, चिठ्ठी बाहेर न जाण्यात होतं. घोटाळा झाला तो चिठ्ठ्या जपून ठेवण्याने. १६ एप्रिल २००२ ला प्रोव्हेन्झानोचा साथीदार आन्तोनिनो जुफ्रे पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ चिठ्ठ्या होत्या, आणि पुढे तो सरकारी साक्षीदार झाला. खुद्द प्रोव्हेन्झानोच्या शेतघरातही चिठ्ठ्यांचा साठा सापडला. त्यातल्या मजकुरावरून पुढे कितीतरी जण आत गेले.

प्रोव्हेन्झानोपर्यंत पोलीस पोचले ते घरगुती वस्तूंच्या मागावर. त्याची बायको आणि दोन मुलगे १९९२ मध्ये कोर्लेओनेला परतून उघडपणे राहू लागले होते. पोलिसांनी त्या घरावर कॅमेरे रोखले. धुतलेल्या कपड्यांची पिशवी घरातून निघायची, या हातातून त्या हातात जायची आणि शेवटी धनगराच्या शेतघरी पोचायची. पथक लांबच्या टेकडीवरून दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातून त्या घरावर नजर ठेवून होतं. धनगर एकटाच असायला हवा होता, पण दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. छाप्याचा निर्णय झाला. आत सापडलेला माणूस साध्या कपड्यांत होता, आणि तपास करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं त्याचा फोटो होता तो १९५९ चा. हे शेतघर वर सांगितलेल्या दोन ठिकाणांच्या फेरीत येत नाही. ते शोधत शेतांतून गाडी घालू नका; भोवती लोकांची खासगी जमीन आहे.

दुसरा धागा दुखण्याचा. २००३ मध्ये प्रोव्हेन्झानोने दुसऱ्याच्या ओळखपत्रावर मार्सेयजवळ प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करून घेतली. तिथून पोलिसांना त्याचा सध्याचा चेहरा कसा असेल याचा अंदाज आला. मेस्सिना देनारोच्या बाबतीत हेच जास्त ठळकपणे घडलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या बहिणीच्या घरी खुर्चीच्या पोकळ पायात दडवलेली आजारपणाची नोंद सापडली. त्यावरून कर्करोग रुग्णांच्या नोंदींची छाननी झाली, आणि उसन्या नावाने उपचार घेणारा रुग्ण पालेर्मोच्या दवाखान्याच्या दारात पकडला गेला. तीस वर्षं सांभाळलेली गुप्तता दवाखान्याच्या कागदांपुढे टिकली नाही. चेहरा, पत्ता, फोन, सगळं लपवता येतं. आजारी शरीराला मात्र तपासणी, नाव आणि तारीख द्यावीच लागते. कोर्लेओनेच्या फेरीत हा मुद्दा ओझरता येतो, म्हणून इथे लिहिला.

चिदमा झालं की कोर्तिले कोल्लेत्तीला जा. क्रम उलटा करू नका, कारण हे घर म्हणजे चारचौघांसारखं गावातलं घर आहे आणि आधीची माहिती नसेल तर दोन मिनिटांत बघून बाहेर याल. अरुंद बोळ, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती. इथे कोण येतं, किती वाजता जातं, हे अख्ख्या बोळाला कळल्याशिवाय राहणार नाही. फरारी माणसाला आसरा देणं म्हणजे किती जणांचं गप्प राहणं, हे या बोळात उभं राहिल्यावर समजतं. आत गाएतानो पोर्कासी यांची चित्रं आहेत, आणि चित्रांतून शेतमजुरांच्या लढ्यापासूनचा इतिहास सांगितलाय. १९१५ मध्ये मारला गेलेला नगराध्यक्ष बेर्नार्दिनो व्हेर्रो, १ मे १९४७ चं पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राचं हत्याकांड, रिझ्झोत्तो. रिझ्झोत्तोचे अवशेष २०१२ मध्ये डीएनए चाचणीने ओळखले गेले आणि त्याच वर्षी त्याच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले, चौसष्ट वर्षांनी. माझ्या मते या घराचं मोल चिदमापेक्षा कमी नाही. चित्रं थोडी बाळबोध वाटतील, रंग भडक आहेत. पण ज्या माणसाने गावाला मुकं केलं त्याच्याच भिंतीवर मेलेल्यांचे चेहरे लावलेत.

हे शक्य झालं ते कायद्यामुळे. इटलीत १९८२ पासून माफियाची मालमत्ता जप्त होते. धर्मगुरू लुइजी चोत्ती यांच्या 'लिबेरा' या माफियाविरोधी संघटनेने दहा लाख सह्या गोळा केल्यावर १९९६ मध्ये १०९ क्रमांकाचा कायदा आला आणि जप्त घरं-जमिनी सामाजिक कामाला द्यायची वाट मोकळी झाली. रिइना, ब्रुस्का या डॉनांच्या जमिनींवर आता सहकारी संस्था गहू आणि द्राक्षं घेतात. त्यांचा पास्ता आणि 'चेन्तोपास्सी' ही वाइन मुद्दाम विकत घ्यावी अशी आहे. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या मालमत्तांचा साफेमाखाली, म्हणजे तस्करांची मालमत्ता जप्त करण्याच्या कायद्याखाली, लिलाव होतो. २०२४ च्या जानेवारीत १५,४४० रुपये राखीव किमतीचा एक तुकडा २ कोटी १ लाखाला गेला. बातमी होते, पैसा सरकारजमा होतो आणि गावाच्या हाती काहीच उरत नाही. त्यातली एखादी जागा गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

आता जायचं कसं. बसने जायचं तर पालेर्मोच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या परिसरातून बस सुटतात. दीड तास धरा. तिकीट आधीच बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात काढून ठेवा. परतीची शेवटची बस कधी, हे उतरताक्षणी चालकालाच विचारा. दुपारनंतर गाड्या झपाट्याने कमी होतात. रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस बससाठी टाळाच. गाडी भाड्याने घेत असाल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो, तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढा. बहुतेक गाड्या हाताने गिअर टाकायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा आणि जास्त पैसे मोजा. रस्ता वळणावळणाचा आहे, सव्वा तास तरी लागतो. पालेर्मोच्या जुन्या भागात मर्यादित वाहतुकीचा झेडटीएल विभाग आहे. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत, तिच्या वेगळ्या शुल्कासह, तुमच्या कार्डावर पडतो. हॉटेल त्या भागात असेल तर गाडी शहर सोडायच्या दिवशी घ्या.

वेळेचा हिशेब असा ठेवा: सकाळी दहाची फेरी, साडेअकराला कोर्तिले कोल्लेत्ती, साडेबारापर्यंत खरेदी. एक ते चार गाव बंद असतं, आणि उन्हाळ्यात तेव्हा फिरण्यात अर्थही नाही. चढउताराचे दगडी बोळ आहेत, चपला नकोत. शाकाहारींनी पालेर्मोत पानेल्ले खाऊनच निघावं. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या त्या, पाटवडीच्या चुलत बहिणी. पिझ्झा आणि पास्त्यात सिसिलीत न सांगता अँकोव्ही मासा पडतो, म्हणून 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' हे चार शब्द पाठ करा.

दुकानांत बंदूक घेतलेल्या डॉनचे चुंबक, टीशर्ट, बाहुल्या मिळतील. घेऊ नका. ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली ते लोक याच रस्त्यांवरून चालतात. आग्रिजेन्तो शहराने तर २०२४ मध्ये अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदीच घातली. त्याच कारणासाठी बारमध्ये बसून 'डॉन कुठे राहायचा?' असं विचारू नका, आणि गुन्हेगारांच्या नातेवाइकांच्या घरांचे फोटो काढू नका.

हे सगळं स्वतः जुळवायचं नसेल तर पालेर्मोची 'अद्दिओपित्सो ट्रॅव्हल' ही संस्था बघा. २००४ मध्ये खंडणी न देण्याची चळवळ सुरू करणाऱ्या तरुणांतून ती निघाली आहे. त्यांच्या फेऱ्यांत मुक्कामाची आणि जेवणाची ठिकाणं खंडणी न देणारीच असतात. पालेर्मोतली पायी फेरी तर कोर्लेओनेच्या आदल्या दिवशी करावी अशीच आहे.

गुण द्यायचे तर चिदमाला पाचात चार, इंग्रजी मार्गदर्शक मिळाला नाही तर अडीच. कोर्तिले कोल्लेत्तीला साडेतीन, पण चिदमा आधी बघितलं असेल तरच.

विमानाच्या दिवशी हाताशी तीन तास असतील तर विमानतळाजवळच्या चिनिझी गावात थांबा. माफियाविरुद्ध रेडिओवरून बोलणाऱ्या पेप्पिनो इम्पास्तातोचा ९ मे १९७८ रोजी खून झाला. त्याचं घर आज स्मृतिस्थळ आहे. खुनाचा हुकूम देणारा गाएतानो बादालामेन्ती त्याच रस्त्यावर, शंभर पावलांवर राहायचा, आणि त्याचं जप्त घरही आता त्याच स्मृतिसंस्थेकडे आहे. दोन्ही दारांमधलं अंतर चालून बघा. सामान मात्र गाडीत दिसेल असं ठेवू नका, आणि ही घरं त्या दिवशी किती वाजेपर्यंत उघडी आहेत ते आदल्या संध्याकाळी फोन करून विचारून घ्या.